प्रसेनजितने मला स्ट्रेंज म्हटलं

चिखली, रविवार

सिंधूताईस,

धाकट्या धम्मरत्नचा सविनय जयभीम. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला जळगाव जामोदच्या हवेत बरे असतील, असं धरून चालतो. (फोनच केला असता, पण तू मधेच हसतेस.)

ताई, माझा भयंकर अपमान झाला आहे. समताचा होणारा नवरा प्रसेनजित, तोच डोणगावचा, कॉलेजात इंग्रजी शिकवणारा, तुला पसंत पडलेला! त्याचा समताच्या मोबाइलवर निरोप आला आणि माझी नजर पडली. (पडली, मी टाकली नाही.) ‘युवर फादर इज स्टिल स्ट्रेंज टु मी.’ मी अठ्ठावीस वर्षं शाळेत क्लार्क होतो. फादर कोण, हे मला कळतं. शब्दकोश काढला. स्ट्रेंज म्हणजे विचित्र, चमत्कारिक. पुढे वाचायची गरजच काय?

कोश पिशवीत घातला आणि सकाळच्या एसटीने डोणगाव गाठलं. त्याची आई बनाबाई दारातच म्हणाली, “इवाई, असे लालबुंद काऊन झाले?” (अजून व्याही झालो नव्हतो!) मी कोश उघडून पोरापुढे ठेवला. त्याने शांतपणे खालच्या ओळीवर बोट टेकवलं. “मामा, मी हा अर्थ लिहिला होता. अनोळखी.”

हे तर जास्तच झालं! तीनदा त्यांच्याकडे पोहे खाल्ले, माझं मुतखड्याचं ऑपरेशन टाक्यांसकट सांगितलं, आणि मी अनोळखी? तसं सुनावलं तर म्हणतो, “तुमीच बोलले मामा, मी आयकत राह्यलो. मले एक गोष्ट तं इचारा.”

मग रागारागातच विचारलं, इंग्रजीच का शिकलास? म्हणाला, बाप गेल्यावर त्याच्या नावाने इंग्रजीत कागद यायचे आणि आईला वाचून दाखवणारं गल्लीत कोणी नव्हतं. कसले कागद, हे विचारत बसलो. एसटी चुकली. दोन दिवस राहिलो, अर्थात रागातच. निघताना स्टँडवर तो म्हणतो, “आता ओळख झाली मामा. आता वरचा अर्थ लागू होते.” आणि बनाबाई पदर तोंडाला लावून हसली! असा माणूस आपल्या घरात येणार. माझा राग कायम आहे, हे भाऊजींनाही सांग.

तुझा अपमानित भाऊ,
धम्मरत्न

ता. क. पोरगा चांगला आहे. त्याला सांगू नकोस.

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. आठ दिवस झाले, समता माझ्याशी बोलत नाही. स्ट्रेंजचं तिला काही नाही. तिचा निरोप मी वाचला, म्हणून. चूक माझी आहे, पण पोरीला तसं म्हणायला जीभ वळत नाही. तू दोन दिवस ये. कालपासून दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो आणि पाणी मागून परत आलो.