हळदीच्या गाण्यातली एक ओळ

११ फेब्रुवारी

झालं! आत्या आणि रत्नम्मा पुन्हा भांडल्या. माझ्या हळदीला नऊ दिवस उरलेत आणि या दोघींचं एका ओळीवर अडलंय.

आमच्या मुडबी गावात हळदीचं गाणं दोघींनी म्हणायचं. एकीने ओळ सांगायची, दुसरीने तीच झेलायची. पंचवीस वर्षं राजूबाई आत्या सांगते, शेजारची रत्नम्मा झेलते. ओळ आहे – 'मामानं आणली हळद, वाटी भरून गं.' आत्या मात्र घरात माझ्यासाठी गुणगुणताना 'बापानं' म्हणते, आणि आता माझ्या हळदीतही तेच म्हणायचंय तिला. माझे अप्पा, म्हणजे तिचा भाऊ, गेले तेव्हापासूनची सवय. मी चार वर्षांची होते. आई त्याआधीच गेली होती. मला आत्यानेच वाढवलं.

"आळंदचा मामा समोर बसनार हाय," रत्नम्मा म्हणाली. "तू कामून ओळ बदलायलीस?"

"माझ्या भावाची लेक हाय. मी बापच म्हननार."

"मग मी झेलनार न्हाई."

१२ फेब्रुवारी

भिंतीवरून कोथिंबीर दिली-घेतली जाते, बोलणं मात्र बंद. वय वर्षे साठ!

१५ फेब्रुवारी

आत्याच्या मुलाने, पप्पूने, मोबाईलवर डीजेचं गाणं लावलं. त्यात आमचीच ओळ! 'मामानं, मामानं, मा-मा-मामानं' – चाळीसपर्यंत मोजलं, मग सोडून दिलं. भिंतीपलीकडून रत्नम्माचा आवाज आला, "डीजेवाल्याला बी बराबर येतंय म्हनावं!" आत्या पप्पूला म्हणाली, "बंद कर. अडकलंय ते."

पप्पू खूश आहे. या दोघी गायल्या नाहीत तर त्याचा डीजे वाजेल.

१८ फेब्रुवारी

इतके दिवस हसले, आता भीती वाटायला लागलीय. मला डीजेची हळद नको. मला या दोघी हव्यात. रत्नम्माकडे जाऊन तसं सरळ सांगितलं. ती तूर पाखडत होती.

"येते की, पल्लवी," म्हणाली. "पन चुकीचं मी झेलनार न्हाई." सूप काही थांबलं नाही.

२० फेब्रुवारी

आत्याने मामासमोर 'बापानं'च म्हटलं. सगळ्या बायका रत्नम्माकडे बघायला लागल्या. मीही. तिने घसा साफ केला आणि झेललं – 'आत्यानं आणली हळद, वाटी भरून गं.'

पुढची ओळ मग रत्नम्मानेच सांगितली, आणि आत्याने झेलली.