मला सोडून तीन

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार घालण्याची सध्या माझी लायकी नाही आणि खोलीत तेवढी जागाही नाही (प्रवासातले ओले टॉवेल अजून जमिनीवरच आहेत), तेव्हा हा नमस्कार उभ्यानेच घातला असं समज. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक असेल तर जरूर लिही. तेवढा वेळ माझ्याविषयी बोलावं लागणार नाही. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. हे शेवटचं वाक्य सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, कारण खाडाखोड केलेला अर्ज मी स्वतः ऑफिसात परत पाठवतो.

परवा फोनवर तू विचारलंस, अप्पांनी समुद्र पाहिला का. मी म्हणालो, पाहिला, भरपूर पाहिला. ते खरं आहे. मग तू विचारलंस, एकाही फोटोत अप्पा कसे नाहीत, आणि मी म्हणालो की लाइन तुटतेय. लाइन चांगली होती. तू भाऊजींना "हा काहीतरी लपवतोय" म्हणालीस, तेही स्वच्छ ऐकू आलं.

अप्पांनी छत्तीस वर्षं बसवर काढली, आधी कंडक्टर, मग तिकीट तपासनीस, हे मी तुला सांगायला नको. पण त्यातल्या दोन गोष्टी पुढे लागणार आहेत, म्हणून आठवण करून देतो. पहिली गोष्ट मोजणीची. गाडीतली डोकी मोजताना कंडक्टर स्वतःला मोजत नाही. अप्पा ही सवय घरी घेऊन आले. ताटं किती घेऊ, असं आई विचारायची, आणि ते म्हणायचे, "मला सोडून तीन." आई चार घ्यायची. पुढे आई गेली, तू सासरी गेलीस, मग ही आली, चिमणी झाली. माणसं बदलली, आकडा तोच राहिला. हल्ली अप्पा "मला सोडून" एवढंही म्हणत नाहीत. नुसतं "तीन" म्हणतात.

दुसरी गोष्ट समुद्राची. बारा वर्षं ते समुद्राच्या गाडीवर होते, आणि गाडी टेकडीच्या अलीकडेच थांबायची. वीस मिनिटांत परत फिरायची. पलीकडे जाऊन यायला तेवढा वेळ पुरत नसे. त्या गाडीला परतीची तिकिटं असायची, जाताना एक भोक, येताना दुसरं. समुद्राविषयी अप्पांना जे माहीत होतं ते सगळं परत येणाऱ्या माणसांवरून. पायाची वाळू, ओली तिकिटं, खांद्यावर झोपलेली पोरं. आपण लहानपणी विचारायचो, समुद्र कसा असतो, आणि ते म्हणायचे, "दमवतो." म्हणून पंचाहत्तरी झाल्यावर तू मला बजावलंस की आता त्यांना समुद्र दाखव, आणि चांगल्या ठिकाणी ने, जिथे सगळं त्यात येतं, त्यांना कशाची चिंता नको.

ठिकाण मी चांगलंच निवडलं. जेवायला बसलो असताना फॉर्म भरायला घेतला. विचारलं, अप्पा, आपण किती जण? त्यांनी ताटावरून मान वर न करता सांगितलं, "तीन." मी तीन लिहिलं. (मी वीस वर्षं विमा कार्यालयात लोकांच्या अर्जातले चुकीचे रकाने शोधतो आहे. माझं पोट त्यावर चालतं.)

तिथला नियम सोपा आहे. काउंटरवरची मुलगी तुमच्या मनगटावर एक निळा पट्टा चिकटवते. तो कापल्याशिवाय निघत नाही. पट्टा असला की सगळं त्यात आलं: खाणं, पिणं, पोहणं, छत्री, खुर्ची, समुद्र. पट्टा नसला की काहीच नाही. मुलीने मला पट्टा लावला, हिला लावला, चिमणीला लावला आणि यादीवर रेघ मारली. अप्पा हात पुढे करून उभे होते. बाही वर केलेली होती. ते डॉक्टरकडेही इतक्या तत्परतेने हात पुढे करत नाहीत. मुलगी म्हणाली, "हे?" यादीत जागा नव्हती, खोल्या सगळ्या भरलेल्या, माझ्यामागे रांग, रांगेत एक रडणारं मूल आणि एक न रडणारा पण तसाच दिसणारा गृहस्थ. ताई, तिथे मी म्हणालो, "ते आम्हाला सोडायला आलेत."

अप्पा दोन पावलं मागे होते, त्यामुळे त्यांनी हे ऐकलं नाही. हिने ऐकलं. त्यानंतर तिने माझ्याकडे पाहिलं त्याचं वर्णन मी करणार नाही, तू लग्न झालेली आहेस.

अप्पांना मी सांगितलं की पंचाहत्तरीच्या पुढच्यांना पट्टा लागत नाही. ते समाधानाने म्हणाले, "म्हणजे पास." निवृत्तीनंतर त्यांचा पास परत घेतला तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते, हे तुला आठवत असेल. सतरा वर्षांनी त्यांना कोणीतरी पास दिला होता. तो मी दिला होता आणि खोटा होता.

पाहुण्यांना भेटायला आलेल्यांनी सहापर्यंत बाहेरच्या हॉलमध्ये बसायचं असतं. म्हणून मी अप्पांना कपडे धुण्याच्या बाजूच्या जिन्याने खोलीत नेलं. (हा जिना थंड असतो, असं सांगितलं.) जेवणघराच्या दारात एक माणूस मनगटं बघत उभा असे. म्हणून अप्पांचं जेवण मी खोलीत आणू लागलो. उकडलेली अंडी हिच्या टोपीत, ब्रेड चिमणीच्या पोहायच्या रिंगमध्ये लपवून. केकचा एक तुकडा पुस्तकात ठेवून आणला, ते पुस्तक अजून उघडत नाही. ही म्हणाली, "स्वतःच्या वडिलांना चोरून खायला घालताय. निदान चोरी तरी नीट करा." अप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. ते प्रत्येक वेळी ताट हातात घेऊन म्हणत, "पासवाल्याची इतकी सरबराई मी कुठे पाहिली नाही." ते हे मनापासून म्हणत, आणि मी आंघोळीला जात असे. तीन दिवसांत मी अकरा वेळा आंघोळ केली.

आमच्या खोलीचा सज्जा मागच्या अंगणावर होता. तिथे दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी वाळत असत. अप्पांनी विचारलं, समुद्र कुठल्या बाजूला? मी म्हणालो, त्या चादरींच्या मागेच. त्यांना बाहेर न्यायचं तर मोठ्या फाटकातून न्यावं लागलं असतं, आणि मग परत आत आणता आलं नसतं. मी ठरवलं होतं की निघताना, शेवटच्या दिवशी, जाता जाता दाखवू. तोवर अप्पा खुर्ची टाकून चादरींकडे पाहत बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आवाज मात्र छान येतो रे." तो कपडे धुण्याच्या यंत्राचा आवाज होता. मी म्हणालो, हो, आज भरती आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही खाली असताना अप्पा आपण होऊन उतरले. थंड जिन्याने उतरले आणि किनाऱ्याच्या फाटकापाशी पोचले. तिथे शेजारच्या खुल्या किनाऱ्यावरची माणसं आत घुसू नयेत म्हणून एक पहारेकरी बसतो. अप्पा त्याला म्हणाले, "पासवर आहे." त्याला वाटलं, कोणी जुने साहेब असावेत. त्याने खुर्ची दिली. अप्पांनी ती फिरवून घेतली, कारण तपासनीस नेहमी येणाऱ्याकडे तोंड करून बसतो, आणि आत येणारे सगळे किनाऱ्याकडून येत होते. म्हणजे असं, की समोर समुद्र होता आणि अप्पा लोकांच्या मनगटांकडे बघत होते. दोन तासांत त्यांनी अकराजण पकडले. एकाने टॉवेल हातावर टाकला होता, एकाने नसलेल्या घड्याळात वेळ पाहिली, एका बाईने झोपलेलं मूल पुढे केलं. पहारेकऱ्याने आख्ख्या वर्षात इतके पकडले नव्हते. तो खूश होऊन म्हणाला, "आजोबा, तुम्ही कुठल्या खोलीत? साहेबांना सांगतो. पट्टा दाखवा जरा, नंबर लिहून घेतो."

अप्पा म्हणाले, "वयामुळे पट्टा नाही. पास आहे."

तो म्हणाला, "इथे पास नसतो, आजोबा. माझ्या आईला मी दारातून परत पाठवतो."

हे सगळं मला त्या पहारेकऱ्यानेच नंतर सांगितलं. मी त्या वेळी पोहण्याच्या तलावाच्या काठावर छत्रीखाली आडवा होतो, छातीवर थंड सरबताचा पेला, त्यात कागदाची छोटी छत्री. म्हणजे माझ्यावर दोन छत्र्या होत्या. समोर सावली आली. डोळे उघडले तर अप्पा, पायात बूट, खिशाला पेन, हात पुढे केलेला. म्हणाले, "तिकीट."

मी मनगट दाखवलं. दुसरं काय दाखवणार. त्यांनी पट्टा वाचला. हिचा वाचला. चिमणीचा वाचला. मग बोटाने मोजलं, एक, दोन, तीन, आणि थांबले. त्यांचं बोट हवेत राहिलं होतं. चिमणी म्हणाली, "अप्पा, तुम्ही चार." तलावातली माणसं बघत होती. मला वाटलं, ते आता ओरडतील. ओरडले असते तर हे पत्र लिहिणं सोपं गेलं असतं.

ते काउंटरवर गेले. मुलीकडून कागद मागितला आणि उभ्याने अहवाल लिहिला, जसे ते लिहायचे तसा: एक प्रवासी, वय पंचाहत्तर, विनातिकीट, तीन दिवसांपासून प्रवासात, चौकशीत सहकार्य केलं, पुढच्या थांब्यावर उतरवण्यास हरकत नाही. खाली सही. मग पेन मला दिलं, साक्षीदार म्हणून. मी सही केली. ताई, मी सही केली, कारण त्यांनी बोट ठेवलेला रकाना रिकामा होता.

व्यवस्थापक धावत आले. आजोबा, राहा हो, तुम्ही तर आमची अकरा माणसं पकडून दिलीत. अप्पा म्हणाले, "बारा." आणि पिशवी घेऊन मोठ्या फाटकातून बाहेर पडले.

त्या दिवशी ते पहारेकऱ्याच्या घरी राहिले (त्याची आई त्यांना ओळखते असं निघालं, समुद्राच्या गाडीने ती कधीतरी आली होती). दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुल्या किनाऱ्यावर बसलेले दिसले. त्यांचा किनारा आणि आमचा किनारा यांच्यामध्ये फक्त एक दोरी आहे. त्यांनी बूट काढून शेजारी ठेवले होते आणि पँट गुडघ्यापर्यंत वर केली होती. पाय इतके पांढरे होते की मला त्या चादरी आठवल्या. पाणी येऊन पायांना लागलं की ते मागे सरकत नव्हते. चिमणी दोरीखालून गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. थोड्या वेळाने हीसुद्धा गेली. मी दोरीपाशी उभा राहिलो. अप्पांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "पुढे सरका, मागच्यांना जागा द्या." माझ्यामागे कोणी नव्हतं. पुढे मी गेलो नाही. तासाभराने जेवण सुरू व्हायचं होतं आणि दोरी ओलांडली तर पुन्हा फाटकातून फिरून यावं लागलं असतं. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

येताना गाडीत अप्पा चिमणीच्या शेजारी बसले. चिमणीने विचारलं, "अप्पा, समुद्र कसा होता?" ते म्हणाले, "दमवतो." आणि तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आशीर्वाद हवा तर हिच्या नावावर घाल.

तुझा,
धाकटा

ता. क. वर मी जे लिहिलं की अप्पा "तीन" म्हणाले आणि मी तीन लिहिलं, ते खरं आहे, पण अपुरं आहे. जायच्या वीस दिवस आधी रिसॉर्टचं पत्र आलं होतं: एकूण व्यक्ती तीन, चूक असल्यास कळवा. मी ते ऑफिसात वाचलं. तेव्हाच मोजलं. चार आले. फोन समोर होता. मी ते पत्र घडी करून खणात ठेवलं, कारण मनात आलं की ताई घेईल अप्पांना चार दिवस, आणि चार दिवस कोणी मला पुढे सरका म्हणणार नाही. मग तुला विचारायचं धाडस झालं नाही आणि रिसॉर्टला फोन करायचंही झालं नाही. हे अप्पांना माहीत नाही.

ता. क. दुसरा. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे, की अप्पा रविवारी तुझ्याकडे येताहेत. किती दिवस, हे सांगत नाहीत. ट्रंक घेतली आहे. तू त्यांना परत पाठव, एवढं मागतो. मला त्यांच्याकडे मागता येत नाही. कारण विचारू नकोस आणि तिथे ताटं किती घ्यायची हेही त्यांना विचारू नकोस. आपण होऊन एक जास्त घे.

ता. क. तिसरा. हे पत्र पोस्टात टाकणार होतो. काल टेबलावर उघडंच राहिलं. आज सकाळी पाहतो तर वरच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी गोल, एक भोक. त्यांचा तो तिकिटाचा चिमटा ट्रंकेत तळाशी होता, म्हणजे ट्रंक पुन्हा उपसली असणार. चहा घेतला, कप धुतला. आता हे पत्र त्यांच्याच हाती देतो आहे. वाचून झालं की फाडू नकोस, जपून ठेव. कोपऱ्यात भोक एकच आहे. येताना त्यांच्याबरोबर परत पाठव.