आतल्या कोपऱ्याचा हिशेब

४ जून

चि. भिंगरीस, अ. आ. वि. वि.

तुझा हिशेब पोचला. कारखान्यातले साचे उचलायच्या चेनपुलीचा ब्रॅकेट वजन पेलेल म्हणालीस, लगेच ओतून घेतला. तुझ्या संशोधनात म्हणे हिशेबापुरते वस्तूच्या फक्त कडेचे तुकडे पाडतात आणि त्यावरून आतला ताण काढतात. मामीला सांगितलं तर म्हणते, उंबऱ्यावर उभं राहून घरात काय शिजतंय ते ओळखायचं, एवढंच ना? शेजारणीला ते बिनकॉलेजचं जमतं!

शनिवारी ब्रॅकेट भिंतीवर चढवतो. बरोबर खाली मामीचं पॅकिंगचं टेबल. खिडकीचा उजेड सोडायला बाई तयार नाही.

भाचीवरचा जीव आहे तसाच आहे.

तुझा मामा

७ जून

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

मामा, ब्रॅकेट लावू नका. लावला असेल तर आधी मामीला टेबलापासून उठवा, मग पुढचं वाचा.

मी कडेचे तुकडे सगळीकडे सारखेच पाडले होते. उत्तर आलं, हुश्श केलं, पाठवून दिलं. ते उत्तर किती चुकीचं असू शकेल, हे आधी तपासायचं ते नंतर तपासलं. चूक सगळी ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात साठलेली! मग प्रोग्रामला सांगितलं, चूक मोठी दिसेल तिथलेच तुकडे बारीक कर, बाकीच्यांना हात लावू नकोस. दर फेरीला तिथला ताण चढत गेला आणि पहिल्या उत्तराच्या दुपटीवर जाऊन थांबला. तो कोपरा तडकणार, मामा. कोपऱ्याची गोलाई वाढवलेलं ड्रॉइंग सोबत आहे. याची चूक आधी तपासली. टपालावर विसंबत नाही, बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते.

हवं तर रागवा, पण माया आटू देऊ नका.

तुमची भिंगरी

१९ जून

चि. भिंगरीस, अ. आ.

तुझी चिठ्ठी आली तेव्हा पहिला साचा पुलीला लटकत होता आणि मामी खाली. तिला उठवलं, साचा उतरवला, ब्रॅकेट काढला. कोपऱ्याला रंग लावून पुसला, तर तड्यात मुरलेली केसाएवढी रेघ तशीच राहिली. पोरी, तुझे उपकार कसे फेडू? आणि रागवू कशाला? चूक कळल्यावर तोंड लपवलं नाहीस, म्हणून तुझी मामी आज माझ्याशी भांडायला शाबूत आहे.

नवा ब्रॅकेट काल चढवला. म्हटलं, आता तरी टेबल दाराकडे घे. ऐकेल तर शपथ! म्हणाली, जी पोर उत्तर आल्यावरही स्वतःची चूक शोधत बसते, तिच्या हिशेबाखाली मी बिनधास्त बसेन.

बसली आहे. मीच अधूनमधून वर बघतो.

असाच जीव लावत जा, बाळ.

तुझा मामा