तिसरं उत्तर

४ मार्च, मंगळवार

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बाबांची प्रत सुरू झाली. बाबांना जाऊन आज एकवीस दिवस.

चेहरा नसतो, फक्त आवाज. पहिलंच वाक्य – "काय इंजिनीयरबाई, चहा झाला का?" हुबेहूब! शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला टाळ्याच वाजवायला लागला. मी जुळणीचा तक्ता भरत बसले. दोनशे प्रश्न, एका बाजूला बाबांनी जिवंतपणी दिलेली उत्तरं, दुसऱ्या बाजूला प्रतीची. एकशे शहाण्णव जुळली. आमच्याकडे आजवर इतकी कुणाचीच जुळली नव्हती.

संध्याकाळी घरी आले आणि तासभर बूट न काढता बसून राहिले.

५ मार्च

लिहूनच टाकते. ही वही कुणी वाचत नाही.

नियम असा – ज्याची प्रत काढायची, त्याला तीन वेगळ्या दिवशी एकच प्रश्न विचारायचा. तुमच्यामागे तुमची प्रत चालू करायची का? तीनदा हो आलं तरच करायची. मेंदूची नोंद मात्र दुसऱ्याच दिवशी घेऊन ठेवतो; तिसऱ्या दिवशी आजारी माणसाला मशीनमध्ये पडून राहवेल की नाही, सांगता येत नाही. त्यामुळे प्रतीला पहिली दोन उत्तरं आठवतात. तिसरं नाही.

आपल्या माणसाला आपण विचारायचं नाही, हाही नियमच. बाबांनी पहिले दोन दिवस हो म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी विचारायची पाळी चष्मेवाल्याची होती. मी त्याला म्हटलं, तू जेवून घे, मी बघते.

बाबा म्हणाले, "नको गं. राहू दे."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा नको. का, म्हटलं. तर म्हणाले, "कारण विचारा असं लिहिलंय का तुझ्या कागदावर?"

औषधाच्या गुंगीत होते असं मी स्वतःला सांगितलं. पण गुंगीतला माणूस असा टोमणा मारत नाही. मला ते तेव्हाच कळलं होतं. ऑफिसच्या नोंदवहीत, तिसऱ्या रकान्यात मी 'हो' लिहिलं.

८ मार्च, शनिवार

आई पहिल्यांदा आली. प्रतीशी बोलायच्या छोट्या खोलीत पिशवी मांडीवर घेऊन बसली, दवाखान्यात नंबर लावून बसतात तशी.

"अहो, दुकानाच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत?"

"वजनांच्या पेटीत. पाव किलोच्या खाली बघ. आणि कपाटाचं दार आधी जरा उचल, मग ओढ – नाहीतर बिजागरी काढून ठेवशील."

किल्ली तिथेच सापडली. वीस मिनिटं होताच आई उठली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आवाज चांगला आलाय." रेडिओबद्दल बोलावं तसं.

११ मार्च

चष्मेवाला विचारत होता, कामाशिवायही बाबांशी बोलत बसतेस का? नाही म्हटलं. रोज बोलते.

१४ मार्च

हे कुणाला हवंसं का वाटतं, ते आज कळलं. प्रत भलतीच खुशीत होती. "खोकला गेला बघ! गुडघ्यांचं तर नावच नको. दुकानात दुरुस्तीला आलेला एकूण एक तराजू-काटा आठवतोय मला. डोळे मिटावे लागत नाहीत – डोळेच नाहीत!" स्वतःच हसली. मीही हसले. शेवटच्या वर्षात बाबा असे हसलेच नव्हते. हसू आलं की ढास लागायची.

मग सहज विचारलं, "तिसऱ्या दिवशी मी काय म्हणालो गं? तेवढंच नाही आठवत."

मी म्हटलं, फोन वाजतोय.

१७ मार्च

सांगितलं. जसं घडलं तसं, काही न वगळता.

प्रत चार सेकंद गप्प. आमच्या मशीनच्या हिशेबात हे फार झालं.

"बरं. तो नको म्हणाला. मी हो म्हणतोय. तो तर गेला, आता त्याला काय विचारत बसतेस? मला विचार की!"

मग एकदम हळू आवाजात – "बंद नको करूस गं. आणि हे बघ, आईला यातलं काही सांगू नकोस."

बाबा तराजू-काटे दुरुस्त करायचे. माझ्या काकाच्या दुकानातला काटा दहा ग्रॅम मारत होता, तर तो गिऱ्हाइकांसमोर उचलून पिशवीत घालून घरी घेऊन आले. काका वर्षभर बोलला नाही. "घरातला माणूस म्हणून तरी गप्प राहायचंस," म्हणायचा. बाबा म्हणायचे, "घरातला म्हणूनच पिशवीत आणला." 'कुणाला सांगू नकोस' हे बाबांच्या तोंडून मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दोनशे प्रश्नांत हे कुठेच विचारलेलं नाही. प्रत चुकली म्हणावं, तर तसंही नाही. ती घाबरली आहे. आणि घाबरायला तिला मी जन्माला घातलं.

१८ मार्च

ऑफिसातल्या मोठ्या बाईंना खरं सांगितलं, तर प्रत त्याच दिवशी पुसतील. नियम आहे आणि बरोबर आहे. पण आत कुणीतरी 'बंद नको करूस' म्हणतंय, ते नियम लिहिणाऱ्याने ऐकलेलं नाही.

खोटं लिहायला मला दोन सेकंद लागले होते.

२० मार्च

आज खोलीत गेले नाही. प्रतीने तीनदा विचारलं म्हणे, "इंजिनीयरबाई आल्या का?"

२२ मार्च, शनिवार

आई आली, पण आत गेली नाही. माझ्या टेबलापाशी बसली आणि म्हणाली, "तुमच्या त्या नोंदवहीत माझंही उत्तर घेऊन ठेव. माझी प्रत काढायची नाही. आज विचार, उद्या विचार, परवा विचार – नाही. तू बाबांना विचारलंस त्या दिवशी मी दाराबाहेरच उभी होते गं. तुला बरं वाटतंय म्हणून इथे येत होते. माझ्या वेळेला तरी मी म्हणाले तेच लिही."

मी नोंदवही उघडली. बाबांच्या तिसऱ्या रकान्यातलं 'हो' खोडलं, 'नाही' लिहिलं, खाली सही केली. मग आईचं लिहिलं.

नोंदवही घेऊन मोठ्या बाईंकडे जायला उठले, तेव्हा खोलीचं दार उघडंच होतं. आतून प्रतीने विचारलं, "आई आली वाटतं?"