ट्यूबच्या बाजूनं सुटणारी हवा

मॅडम, आज टाळूच्या ऑपरेशनसाठी भूल द्यायला बरगी गावची दोन वर्षांची पोर होती. बाप मासे धरतो. दारातच त्यानं विचारलं, "दीदी, साँस तो चलती रहेगी ना?" मी हो म्हटलं. तुम्ही असतात तर ओरडल्या असतात, हो म्हणायची एवढी घाई काहून गं तुला?

ट्रेवर तुमच्या पद्धतीनं श्वासाच्या तीन ट्यूब मांडल्या होत्या, अंदाजाची एक, अर्ध्या नंबरानं लहान एक, मोठी एक. लहान मुलांच्या त्या, टोकाशी हवा अडवणारा फुगा नसलेल्या, एकदा वापरून फेकायच्या. साडेचारची घातली. माझा ज्युनियर खूश, "मॅडम, एकदम फिट!" मी हवेची पिशवी दाबून पोरीच्या तोंडाशी कान नेला. ट्यूबच्या बाजूनं जराशी हवा सुटायला पाहिजे, ती सुटतच नव्हती. म्हणजे ट्यूब श्वासनळीला आतून दाबून बसलेली. तशीच ठेवली तर काढल्यावर गळा सुजणार. सर्जन घड्याळाकडे बघून राहिलेले. मी म्हटलं, "निकाल रही हूँ, जिसको जल्दी है वो बाहर बैठे."

ट्यूब काढली, मास्कनं श्वास दिला, चारची हातात घेतली. घशात लाळच लाळ, काही दिसेना. ऑक्सिजन घसरतोय तसा मॉनिटरचा सूर खाली खाली उतरतोय, ज्युनियर आकडे म्हणतोय, मी त्याला गप्प बस म्हणतेय. लाळ ओढली, श्वासनळी दिसली, ट्यूब गेली. पिशवी दाबली तर पोरीच्या ओठाच्या कोपऱ्यातून बारीक फुस्स.

तुमच्या हाताखाली मी नवी होते तेव्हाचा टॉन्सिलचा पोरगा आठवतो? ट्यूब मी घातली होती. ऑपरेशन संपल्यावर तुम्ही स्वतः काढली, आणि थोड्याच वेळात तो भुंकल्यासारखा खोकायला लागला, छाती आत ओढायला लागला. तुम्ही मला बाजूला घेतलं. "हवा ऐकली होती ना तू?" मी म्हटलं, "हो मॅडम." तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला. अख्खी दुपार त्याच्या तोंडाशी वाफ धरून उभ्या राहिल्या, जेवल्या नाहीत. त्याच्या आईला म्हणालात, "बहनजी, निकालते वक्त मेरा ही हाथ भारी पड़ गया." संध्याकाळी पोरगा शांत झोपला, तेव्हा कुठे तुम्ही खुर्चीत बसलात.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत लहान मुलाची ट्यूब तुम्ही कधी काढली नाही. "तू काढ गं, तुझा हात हलका," म्हणायच्या. सगळ्यांसमोर म्हणायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि मी काढायची. तुम्ही आजारी होत्या तेव्हा चेरीतालच्या घरी दोनदा आले, दोन्ही वेळा हेच बोलायला. चहा प्यायले, तुमच्या गोळ्या लावून दिल्या, चलो येते म्हणून उठले.

आज ती पोर जागी होऊन रडली तेव्हा तिचा आवाज स्वच्छ होता. बापाला सांगून आले आणि एका कोऱ्या चार्टच्या पाठीवर हे लिहून राहिले. घडी घालून पर्समध्येच ठेवणार आहे, तुम्ही गेल्यावर आता दुसरं काय करणार. मॅडम, तुमचा हात जड नव्हता हो. मी त्या दिवशी कान लावलाच नव्हता.