पेटीला लावलेला पेला

३ मार्च २०११
सकाळी गच्चीवरच्या मधपेटीला स्टीलचा पेला लावून ऐकलं. आतून स्पष्ट ‘टूंऽ टूं टूं’. ते थांबलं की चार-पाच ठिकाणांहून दबकं ‘घॅक् घॅक्’. टेलिफोन एक्सचेंजात तीस वर्षं काढली, कान फसायचा नाही. टूं म्हणजे राणी. घॅक् करतात त्या राणीघरांत बंद असलेल्या नव्या. बाहेर आल्या की राणी अर्ध्या माश्या घेऊन उडणार.
तसं होऊ देणार नाही. आपटा गावचे ल.दा. (लक्ष्मणदादा, रानातला मध काढतात) यांनी अख्खं पोळं जिवंत आणून दिलंय. "बाई, सांबालाल ना?" हो म्हटलंय.

४ मार्च
ब्लेडने राणीघरं कापली. भुईमुगाच्या शेंगेएवढी, पाचही. हे म्हणाले, "गेल्या तर गेल्या. मध बाजारात मिळतो."
माश्या कमी का वाटतायत?

६ मार्च
ल.दा. आले. पेटीत बघून कपाळाला हात. "जुनी राणी कवाच गेली, बाई. ती आशी बोलत नाय. ही नवी, पयली भायेर आलेली. घरातल्या भयनींना सांगते, मी हाय."
म्हणजे जुनी मंगळवारी गेली. आम्ही उरणला लग्नात जेवत होतो. आणि मी रिंग देणाऱ्या नवीलाच जुनी मालकीण समजले! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.
"बाकीची घरं तुमी कापली, आता येवडी एकच. नराला भेटाय उडंल. परत आली तर पोलं र्‍हाईल. नाय तर..."


९ मार्च
दु. २.५० उडाली. लांबट पोट, तीच. तारेवर वेडे राघू, सात. माश्या टिपतात मेले. मी टाळ्या वाजवतेय, ह्यांनी तर चप्पल फेकली.
३.१५ला एक झुंबड आत शिरली. त्यात ती होती की नाही, दिसलं नाही. जिन्यात बसून रडले.

१० मार्च
ल.दां.ची खूण: पेटीवर टिचकी मारायची. राणी असली तर गुणगुण उठून लगेच बसते, शांत होते. नसली तर माश्या रडल्यासारख्या गुणगुणत राहतात.
तीनदा वर जाऊन तशीच परतले. भीती वाटते. चौथ्यांदा गेले तर पाण्याच्या पंपाची धडधड, पेल्यात दुसरं काही येईना. एकदम थांबली. खालून हे ओरडले, "बंद केलाय. मार टिचकी."
मारली. गुणगुण उठली. पेला अजून कानाला, डाव्या हाताने लिहितेय.
बस गं बाई. बस आता.