घरात नसलेलं स्टूल

प्रिय सूनबाई,

'प्रिय' वाचून दचकू नकोस. पत्राची सुरुवात कशी करतात ते तुझ्या थोरलीला विचारलं, तर म्हणाली अशीच करतात. माझी शाळा चौथीत सुटली, तोवर पत्राचा धडा आला नव्हता. अक्षर वाकडंतिकडं येतंय कारण मी पत्र्याच्या डब्यावर बसून लिहिते आहे. माझं मशीनपुढचं स्टूल घरात नाही. का नाही ते पुढे सांगते. कागद मापाच्या वहीचा आहे, मागच्या बाजूला कुणाची कंबर, कुणाची छाती दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. फोन करून उपयोग नव्हता. तुझा जबडा तारेने बांधलाय आणि तुझा फोन तुझ्या नवऱ्याच्या खिशात आहे. तुझ्या वॉर्डातल्या त्या उंच नर्सच्या मुलीचा गणवेश माझ्याकडे शिवायला आहे. तो न्यायला ती संध्याकाळी येईल, तिच्याच हाती हे देते. वाचून झालं की तिलाच परत दे. उशीखाली ठेवू नकोस, तो आला की आधी उशी झटकतो.

पोरं बरी आहेत. जेवतात, झोपतात, अंगही धरलंय थोडं. शाळा सोमवारी उघडते, म्हणून रविवारी तो त्यांना न्यायला येणार आहे, हे तुला त्याने सांगितलंच असेल. त्याच्या आत तुला काही सांगायचंय. माझं बोलणं आधी गावभर फिरतं आणि मग मुद्द्यावर येतं, तुला ठाऊक आहे. तोंडाला तार आहे म्हणून या वेळी मध्ये टोकताही येणार नाही. ऐक.

तुला हॉस्पिटलात ठेवलं आणि पोरं माझ्याकडे आली, तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. हे दिवस म्हणजे माझ्या हाताला उसंत नसते. शाळा उघडायच्या आधी सगळ्यांना गणवेश हवे असतात, आणि आठवण मात्र शेवटच्या आठवड्यात होते. घरभर खाकी आणि निळं कापड, त्यात दोन पोरं. यांना दिवसभर रिझवायचं कशाने? रिकामी रिळं दिली, चिंध्यांचं गाठोडं दिलं, बटणांचा डबा ओतला आणि म्हटलं चार भोकांची वेगळी करा, दोन भोकांची वेगळी. दुपारपर्यंत डबा निवडून झाला. एक बटण जमिनीवर पडल्याचा आवाज नाही. धाकटा माझ्या पायाशी बसून एकेक बटण असं ठेवायचा जणू अंडं ठेवतोय. त्यावरून मी त्याला 'बटण' म्हणायला लागले, आता त्याच नावाला ओ देतो. म्हणजे मान वर करतो. ओ देत नाही.

सुरुवातीला मला फार मिरवल्यासारखं वाटलं. इतरांची पोरं जिन्यात कावळ्यांसारखी ओरडतात, कठड्यावरून घसरतात, कुणाची काच फोडतात. माप द्यायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, काय गुणी आहेत हो नातवंडं, तुमचंच वळण. मीही मान डोलवायची. खालचा किल्लीवाला एकदा वर आला आणि म्हणाला, आजी, पोरं आलीत म्हणता, मग कुठे ठेवलीत, कपाटात? मी म्हटलं, तुझ्या कानात मळ आहे, तो काढ. हसला आणि गेला. पण ते कपाट माझ्या डोक्यात राहिलं.

पाचव्या दिवशी माझ्या हातातून मोठी कात्री सुटली. लोखंडाची, फरशीवर पडली की सगळ्या इमारतीला कळतं. उचलून मान वर केली तर पोरं नाहीत. दार बंद, न्हाणीत नाहीत, खिडकीत नाहीत. कापायच्या टेबलाखाली कापडाचे गठ्ठे रचले होते, त्यांच्या मागे सापडली. थोरलीचा हात बटणाच्या तोंडावर, आणि तो बोटांवर काहीतरी मोजत होता. रडत नव्हती गं. भ्यायलेलीही दिसत नव्हती. कामावर आलेल्या माणसांसारखी बसली होती. मी म्हटलं हे काय चाललंय, तर थोरली कुजबुजली, आजी, उंदीर-उंदीर. तुझाच तर खेळ आहे. आईने शिकवला.

मग मी कात्री बाजूला ठेवली आणि फरशीवर बसले. तिला म्हटलं, सांग, तुमच्याकडे कसा खेळतात. ती सांगायला लागली, परीक्षेत उत्तर सांगावं तशी. बाबांनी बूट दारात काढले तर बाहेर खेळायचं. बूट घालूनच आत आले तर उंदीर. पलंगाखाली, भिंतीला पाठ लावून. कुणी हाक मारली तरी निघायचं नाही, आईने मारली तरी नाही. आई पलंगाच्या पायावर चमच्याने तीनदा वाजवते, मग खेळ संपला.

आमच्याकडे बूट नव्हते, सायकल होती. तुझे सासरे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. पहाटे जायचे, दुपारी एकला जेवायला यायचे. सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला तर ताट वाढायचं. भिंतीवर आदळल्याचा आला तर देवालाही हाक मारायला वेळ नसायचा. शाळा चालू असली की पोर एकला वर्गात असायचं, जे काय व्हायचं ते माझ्या एकटीच्या पाठीवर. सुट्टी लागली की पोरही एकला घरातच असायचं. लोक सुट्टीची वाट बघतात, मी दिवस ढकलायची. तेव्हा तो खेळ मी काढला. पलंगाखाली जायचं, उंदीर व्हायचं, आवाज झाला की हरला. जिंकला तर साखरेची चिमूट. तुझा नवरा कधी हरला नाही. तास तास बसायचा. मी चार बायकांत सांगायची, माझं पोर इतकं शहाणं की घरात आहे हे कळत नाही.

लोक म्हणतात तो बापावर गेला. बापाजवळ तो बसला कधी बापावर जायला? माझ्या पलंगाखाली वाढला तो. मी त्याला गप्प बसायला शिकवलं, दुसऱ्याला गप्प बसवायला तो आपला आपण शिकला. दुकानात गिऱ्हाइकाच्या कानावर चष्मा किती अलगद चढवतो, पाहिलंयस ना. म्हाताऱ्या आशीर्वाद देऊन जातात. मला वाटायचं, हात तर हलका आहे पोराचा.

थोरली झाली तेव्हा दुसऱ्यांच्या सासवांनी सुनांना दागिने दिले. मी तुला हा खेळ दिला. आठवतं? तू स्वयंपाकघरात होतीस, मनगटाला फडकं गुंडाळलेलं, म्हणालीस भाजलं. मी विचारलं नाही कशाने. म्हटलं, पोर चालायला लागलं की त्याला शांत ठेवायचा एक खेळ आहे, शिकून ठेव. तू माझ्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, तुम्ही किती वर्षं खेळलात? मी म्हटलं, सवय होते. एवढंच बोललो आपण त्यावर, नऊ वर्षांत. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणत मी तोंड मिटलं. दात माझ्या पोराचे होते आणि ओठ तुझे, हा हिशेब मी कधी केला नाही.

तुला लागलं त्या दिवशीचं मला आता कळलंय. तो फोनवर म्हणाला, आई, ती पडली, हॉस्पिटलात ये. मी तशीच निघाले. पोरं कुठे म्हणून विचारलं तर म्हणाला घरी आहेत, ठीक आहेत. तुमच्या घरी मी पोचले तेव्हा पाच वाजले होते. हाका मारून दमले, शेवटी पलंगाखाली दिसली. बाहेर येईनात. मला वाटलं हट्ट करतात. बटणाची चड्डी ओली होती, त्यावरून मी त्याला बोल लावले, एवढा घोडा झालास म्हटलं. तो माझ्याकडे बघत बसला. बारापासून बसली होती दोघं. चमचा वाजवायला घरात कुणी नव्हतं.

आणि त्याआधी मी काय करून आले होते? डॉक्टरने विचारलं, कसं लागलं. तुला बोलता येत नव्हतं, तू माझ्याकडे पाहिलंस. तो माझ्या शेजारी उभा होता, त्याने तोंडही उघडलं नाही. त्याची गरजच नव्हती. मीच म्हटलं, माळ्यावरचा डबा काढायला स्टूलवर चढली आणि पडली. सुईत दोरा ओवावा तसं खोटं गेलं आरपार. उंदराला मांजर साक्ष म्हणतात, ते मांजर मी. डॉक्टरने लिहून घेतलं. तू डोळे मिटलेस. मला वाटलं औषधाची गुंगी आली.

सूनबाई, तुमच्या घरात स्टूल नाहीच. माळ्यावरचं काढायला तुम्ही पलंग सरकवता. आपल्या दोन्ही घरांत मिळून एकच स्टूल, ते माझं, तीस वर्षं माझ्या बुडाखाली घासलेलं. खोटं बोलायला मी माझ्याच घरातली वस्तू वापरली. डॉक्टरला काय कळणार. पण तुझ्या नवऱ्याला कळलं. परवा दुकानातून येताना तो इथे डोकावला, बूट दारात काढून. पोरांना गोळ्या दिल्या. माझ्यापाशी बसला आणि म्हणाला, आई, ते स्टूल रविवारी पोरांबरोबर नेतो, राहू दे काही दिवस आमच्याकडे, कुणी बघायला आलं तर बरं. अगदी गोड बोलला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्याला जन्म दिलाय, त्या हाताचं वजन मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

मध्यंतरी मी पोरांना नवा खेळ शिकवायला घेतला आहे, तोही ऐक. ओरडायचा. दुपारी एकला मशीन थांबवायचं, खिडकी उघडायची, आणि जेवढा आवाज असेल तेवढा काढायचा. पहिल्या दिवशी दोघं माझ्या तोंडाकडे बघत राहिली, म्हणून मीच ओरडले. अडुसष्ट वर्षांची मी, उभ्या आयुष्यात ओरडले नव्हते. असा काही आवाज निघाला की किल्लीवाला हातोडी घेऊन धावत वर आला. म्हणाला, आजी, चोर? म्हटलं, सुट्टी आहे, पोरांना रिझवतेय. तो म्हणाला, डोकं ठिकाणावर आहे ना? म्हटलं, आत्ताच आलंय. मग त्याला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन आतून जाड अडसर बसवून गेला आणि म्हणाला, पोरं ओरडली की मी वर येतो, हातोडी जवळच असते. तिसऱ्या दिवशी थोरली ओरडली. एकदा सुरू झाली ती थांबेना, ओरडता ओरडता माझ्या पोटावर बुक्के मारायला लागली. मारू दिले. बटणाचा आवाज अजून फुटलेला नाही. खिडकीशी उभा राहतो, मान ताणतो, तोंड उघडतो, आत काही नाही. रोज उघडतो मात्र.

आता हे का लिहिलं ते. आज सकाळी पोरांना किल्लीवाल्याच्या बायकोकडे बसवलं आणि मी पोलीस चौकीत गेले, काखेत स्टूल घेऊन. रस्त्यात लोक बघत होते, बघू देत. चौकीतली बाई म्हणाली, बसा, आणि बघते तर खुर्ची नाही. म्हटलं, माझं आणलंय. त्यावरच बसून सगळं सांगितलं, सायकलीपासून बुटांपर्यंत. डॉक्टरसमोर मी खोटं बोलले तेही लिहून घ्यायला लावलं आणि खाली सही केली. सहीला मला वेळ लागतो, ती थांबली. उठले तेव्हा म्हटलं, हे ते स्टूल, हे त्या घरात कधीच नव्हतं, ठेवा तुमच्याकडे. त्याला चिठ्ठी बांधून त्यांनी ते आत नेलं. म्हणून मी डब्यावर आहे. मशीनला उंची जमत नाही, पाठ धरते. धरू दे. उद्या सकाळी तो दुकानात असताना ती बाई तुझ्याकडे येईल आणि तुझ्या हातात वही देईल. मी तुला ओळखते. सासू खोटी पडायला नको म्हणून तू लिहिशील, स्टूलवरून पडले. त्यासाठी हे पत्र. मी खोटी पडून आले आहे, आता तू मला सांभाळू नकोस. मागच्या वेळी तू माझ्याकडे पाहिलंस, या वेळी बघायला मी तिथे नसेन. वहीकडे बघ आणि झालं ते लिही. रविवारी दार उघडणार नाही. तो बाहेरून आई म्हणेल, मी आत असेन, आणि पोरांना सांगून ठेवलंय की या वेळी पलंगाखाली कुणी जायचं नाही.

तुझीच,
आणि त्याचीही आई, ते काही पुसता येत नाही